मननला धरायचं काम

घरात मननला धरायचं काम योगेंद्रकडे होतं. कोणी ठरवून दिलं नव्हतं. मनन दोन वर्षांचा असताना लस टोचायच्या वेळी नर्स म्हणाली, "पापा, आप पकड़िए," आणि तेव्हापासून ते त्याच्याकडेच राहिलं. केस कापताना, नखं काढताना, रक्त घेताना, डोक्याला तारा चिकटवून तपासणी झाली तेव्हा, प्रत्येक वेळी कोणीतरी योगेंद्रकडे बघायचं आणि तो शर्टाच्या बाह्या वर सरकवून पुढे व्हायचा. मुलाची पाठ आपल्या छातीला, एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून, दुसरा कपाळावर, पायात पाय. मनन आता दहा वर्षांचा झाला होता आणि अंगापिंडाने बापावर गेला होता. धरून झालं की योगेंद्रचे दंड संध्याकाळपर्यंत थरथरत राहायचे.

योगेंद्र पोतनीस मूळचा धारचा. आजोबांपर्यंत सगळे संस्थानच्या नोकरीत. वडील शरदचंद्र, ज्यांना सगळे बापू म्हणतात, शाळेत मास्तर होते आणि निवृत्तीनंतर धारलाच एका दत्तमंदिरातली सकाळची पूजा बघतात. योगेंद्र नोकरीसाठी देवासला आला आणि तिथलाच झाला. गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तो तपासणी विभागात आहे. पाळी दर आठवड्याला बदलते. बायको मेधा शाळेत गणित शिकवते. मननजवळ दोघांपैकी एक जण कायम असावा अशा बेताने दोघांच्या वेळा बसवलेल्या, त्यामुळे नवराबायको एकमेकांना भेटायचे ते बहुतेक दारात, एक जण चपला काढताना आणि दुसरा घालताना.

मनन बोलत नाही. त्याला ऑटिझम आहे. काही हवं असलं तर तो हात धरून घेऊन जातो, नको असलं तर ढकलून देतो. मजेत असला की नाकातून एकच सूर काढत बसतो. त्याला दुखलं तर तो काय करतो, हे मात्र घरात कोणालाच नीट माहीत नव्हतं, आणि ते माहीत नाही हेसुद्धा कधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकदा गरम इस्त्रीला त्याचा हात लागला होता. तळव्याला फोड आला, पण तो रडला नाही. तेव्हापासून योगेंद्रने मनाशी धरून ठेवलं होतं की चला, एवढं तरी बरं आहे, याला फारसं दुखत नाही.

फेब्रुवारीत मननने शेव खाणं सोडलं. देवासच्या घरात पोह्यांवर शेव नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, पण मेधाला वाटलं, नवं खूळ असेल. मग त्याने पोळीही सोडली. दूधभात आणि केळं एवढ्यावर आला. शाळेत स्वतःच्या गालावर चापट्या मारून घ्यायला लागला. त्याच्या खास शाळेतल्या बाईंनी फोन केला की दोन-चार दिवस घरीच ठेवा, बाकीची मुलं घाबरतायत. कानाच्या डॉक्टरांनी कानात घालायचे थेंब दिले. ते घालताना योगेंद्रने त्याला धरलं. चापट्या थांबल्या नाहीत.

"वर्गातल्या बाई बदलल्या ना, त्याचं असेल," मेधा म्हणाली.

"असेल," योगेंद्र म्हणाला. रात्रपाळी करून आला होता. त्याला वाद घालायचं त्राण नव्हतं.

दाढेचा शोध लागला तो स्कूटरवर. मननला स्कूटरवर पुढे उभं राहायला अजून आवडायचं. तोंडात वारं भरून घ्यायला तो जबडा पूर्ण उघडायचा. एका संध्याकाळी सिग्नलला थांबल्यावर योगेंद्रचं लक्ष आरशाकडे गेलं. आरशात मननचं उघडं तोंड दिसत होतं आणि खालच्या बाजूला मागे एक दाढ काळी पडून पार खोल गेलेली. हिरडी फुगलेली. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले, तरी तो आरशातच बघत राहिला. रोज दोनदा दोघं मिळून त्याचे दात घासत होते. पण ते घासणं म्हणजे झटापट. आत काय आहे ते बघायची उसंत कोणाला होती?

दुसऱ्या दिवशी ते घराजवळच्याच एका दातांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण वाईट माणूस नव्हते. त्यांनी मननकडे बघितलं, मग योगेंद्रच्या दंडांकडे.

"दूध की दाढ़ है, निकाल देते हैं. आप कसके पकड़ लीजिए, दो मिनट का काम है."

"इसको समझ में नहीं आएगा," मेधा म्हणाली. "थोड़ा..."

"मॅडम, ऐसे बच्चों को दर्द भी कम लगता है. टेन्शन मत लीजिए."

योगेंद्रला ते ऐकून सुटल्यासारखं झालं, कारण त्याचाही तसाच समज होता. तो खुर्चीवर आडवा झाला, मननला अंगावर घेतलं आणि नेहमीसारखं धरलं. सुई हिरडीत गेली तसं मननचं सगळं अंग कमानीसारखं ताठ झालं. औषध चढायला जेवढं थांबायला हवं होतं तेवढं कोणी थांबलं नाही, कारण मुलगा कधीही निसटेल अशी सगळ्यांनाच भीती. पकड लागली. मननने डोकं हिसडलं. काहीतरी कट्‌कन मोडलं. दाढेचा वरचा भाग बाहेर आला आणि मुळं आतच राहिली.

मग मनन एकदम ढिला पडला. ओरडणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, "देखा, शांत हो गया." योगेंद्रच्या छातीवर मात्र मुलाचं काळीज पाखरासारखं धडधडत होतं.

उरलेलं पुन्हा कधीतरी बघू, असं ठरलं. दुखण्यावरचं औषध लिहून दिलं आणि सांगितलं, "रोए तो दे देना." मनन रडला नाही, म्हणून त्यांनी औषध दिलं नाही. संध्याकाळी तो कपाटामागच्या कोपऱ्यात बसलेला सापडला. स्वतःचं मनगट त्याने इतकं चावलं होतं की दातांचे व्रण निळे पडले होते.

मेधाने ते मनगट हातात घेऊन बघितलं. औषधाची बाटली उघडायला ती स्वयंपाकघरात गेली. योगेंद्र मननजवळ जमिनीवर बसायला गेला, तर मनन उठून दुसऱ्या खोलीत गेला.

पुढचे काही दिवस असेच गेले. योगेंद्र खोलीत आला की मनन बाहेर. स्कूटर काढली की तो मेधाच्या मागे लपायचा. रविवारी ते धारला गेले, तेव्हा बसमध्येही तो खिडकीजवळ आईला चिकटून बसला. घरी पोचल्यावरही तसंच, आणि बापूंच्या ते लक्षात आलं. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं,

"काय रे योगेंद्रा, नातू तुझ्यापासून दूर का बसतो?"

योगेंद्रने सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढला नाही की पडला नाही. कारखान्यात नापास मालाची माहिती द्यावी तसं त्याने ते सांगितलं. शेवटी म्हणाला, "बापू, अजून मुळं आत आहेत. पुन्हा जावं लागणार. पुन्हा मलाच पकडावं लागणार. मला नाही जमणार आता."

बापूंनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "पुढल्या खेपेस मी धरीन."

"तुम्ही?"

"का? हात शाबूत आहेत माझे."

चौऱ्याहत्तर वर्षांचा तो किडकिडीत माणूस, धोतरातून काड्यांसारखे पाय बाहेर आलेले. योगेंद्रला हसू आलं. त्याला हसताना बघून बापूही हसले. दोघं थोडा वेळ हसले आणि मग दोघांनाही एकदम गळून गेल्यासारखं झालं.

मेधाने चौकशी करून डॉ. नीरजांचं नाव शोधून काढलं. त्या देवासमध्येच फक्त मुलांचे दात बघायच्या. पन्नाशीच्या, आवाज बसका. पहिल्या दिवशी त्यांनी मननला खुर्चीवर बसायलाही सांगितलं नाही. तो दवाखानाभर फिरला, नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं,

"मनन को दर्द होता है, तो आपको कैसे पता चलता है?"

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं.

"चुप हो जाता है," मेधा म्हणाली.

"मारता है अपने को," योगेंद्र म्हणाला.

दोघंही एकाच वेळी बोलले आणि दोघांनाही कळलं की आपण अंदाजाने बोलतोय. डॉक्टरांनी घाई केली नाही. एकेक गोष्ट विचारत गेल्या. जेवण कधी कमी झालं? झोपताना कोणत्या कुशीवर? तो सूर काढतो म्हणता, तो कधीपासून बंद आहे? मेधा आठवत गेली. सूर तर महिन्याभरापासून ऐकला नव्हता. घर शांत झालं होतं आणि त्या शांततेचं त्यांना बरंच वाटलं होतं.

"उस डॉक्टर ने कहा था इसको दर्द कम होता है," योगेंद्र म्हणाला. खरं तर त्याला विचारायचं होतं, आणि ते विचारल्यासारखं व्हायला नको होतं.

"कम नहीं होता," डॉ. नीरजा म्हणाल्या. "बताना नहीं आता. आप यह मानकर चलिए कि जहाँ दूसरे बच्चे को दुखेगा, वहाँ इसको भी दुखेगा."

योगेंद्रने मान हलवली. त्याला त्या इस्त्रीची आठवण झाली. तळव्यावर तो फोड असताना मनन आठवडाभर त्या हाताने काही उचलत नव्हता. तेव्हा त्यांना वाटलं होतं, आळस करतोय.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. खुर्चीची सवय लावायला महिने लागतील, ती लावू. पण आत पू आहे, तो तेवढे दिवस थांबणार नाही. आधी पू उतरायचं औषध, मग इंदूरच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन त्या स्वतःच सगळं एका वेळी करून टाकणार. मुळं काढायची, आणखी दोन दाढा किडल्यात त्या भरायच्या.

"और पकड़ना?" योगेंद्रने विचारलं.

"पकड़ने की नौबत आई तो मैं रुक जाऊँगी."

योगेंद्रचा विश्वास बसला नाही. असं पूर्वीही लोक म्हणाले होते. पण दुसरा रस्ता नव्हता. त्याने रजेचा अर्ज टाकला.

भूल द्यायच्या दिवशी सकाळपासून मननला उपाशी ठेवायचं होतं. ज्या मुलाला उठल्याबरोबर दूध लागतं आणि ज्याला कारण सांगता येत नाही, त्याला उपाशी ठेवणं म्हणजे काय, ते त्यांनाच माहीत. आदल्या दिवशीच मदतीला आलेल्या बापूंनी दुधाचं भांडं शेजारी नेऊन ठेवलं होतं. मननने फ्रिज पुन्हा पुन्हा उघडून बघितला, मग जमिनीवर झोपून पाय आपटले. भाड्याच्या गाडीत बसेपर्यंत तिघंही घामाघूम झाले होते. बापू घर सांभाळायला मागे राहिले.

हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर हिरव्या कपड्यांत बाहेर आले. त्यांनी सुई नसलेल्या पिचकारीत थोडं गोड औषध भरलं आणि ती योगेंद्रच्या हातात दिली. "आप ही पिला दीजिए, गाल में धीरे धीरे." मननने अर्धं थुंकलं. भूल देणारे म्हणाले, चलेगा, थोड़ा और देते हैं, आणि दिलं. मग सगळे नुसते बसून राहिले. थोड्या वेळाने मननचे डोळे जड झाले. तो उठला, दोन पावलं चालला, आजूबाजूला बघितलं, आणि परत येऊन योगेंद्रच्या मांडीवर बसला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. औषधामुळे बसला हे योगेंद्रला कळत होतं. तरी त्याने हात मोकळे ठेवले, मुलाच्या पाठीवर एक तळवा फक्त टेकवला. तसंच त्याला आत नेलं. तोंडावर भुलीचा मास्क धरला तेव्हा मननने एकदाच मान वळवली आणि झोपून गेला.

बाहेर मेधा भिंतीला डोकं टेकून बसली होती. योगेंद्र तिच्या शेजारी बसला. दोघांना एकमेकांशी बोलायला एवढा सलग वेळ बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

"भूक लागलीय," शेवटी मेधा म्हणाली.

"मला पण."

दोघं खाली जाऊन चहा पिऊन आले.

शुद्धीवर येणं सोपं नव्हतं. मनन जागा झाला तो हातपाय झाडतच. डोळे उघडे, पण ओळख नाही. हातात सलाईनची सुई होती. नर्स ओरडली, "पापा, पकड़ो इसको!" आणि योगेंद्रचे हात आपोआप पुढे झाले. सुई निघाली तर रक्त येणार, पुन्हा टोचावं लागणार. म्हणून त्याने धरलं, पण फक्त सुईचा हात, कोपरापासून मनगटापर्यंत. बाकीचं अंग सोडून दिलं. मननने मोकळ्या हाताने त्याच्या तोंडावर, चष्म्यावर मारलं. चष्मा खाली पडला. "मार," योगेंद्र हळूच म्हणाला, "मार रे बाळा." नीरजा डॉक्टर आत आल्या. त्यांनी दिवा मंद करायला लावला, नर्सला बाजूला केलं. म्हणाल्या, हे भुलीचं आहे, दुखण्याचं नाही. दाढेपाशी बधिर केलंय आणि दुखण्यावरचं औषध सलाईनमधून दिलंय. हळूहळू मारणं कमी होत गेलं. मग मननने डोकं बापाच्या खांद्यावर टाकलं आणि रडायला लागला. साधं रडणं, बाकीच्या मुलांसारखं.

निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, ओठ आणि गाल अजून काही तास बधिर राहतील, तो चावेल, लक्ष ठेवा. दुसरी, दुखण्यावरचं पातळ औषध त्याच्या वजनाप्रमाणे लिहिलंय, ते पहिले दोन दिवस घड्याळ बघून द्यायचं. रडायची वाट बघायची नाही. बधिरपणा उतरायच्या आधी पहिला डोस पोटात गेलेला हवा. आणि लिहिलंय त्याहून जास्त मुळीच नाही.

घरी आल्यावर पहिलं काम ओठाचं होतं. मननला आपला ओठ सापडत नव्हता. तो बोटांनी ओढत होता, दातात धरत होता. बापू त्याच्यासमोर बसले आणि पूजेची छोटी घंटा त्याच्या हातात दिली. घंटा वाजवायच्या नादात तो ओठ विसरायचा, मग पुन्हा आठवायचा. पाळीपाळीने तिघांनी त्याचा हात तोंडापासून बाजूला केला. तरी मेधा वरणभात निववायला गेली तेवढ्यात त्याने ओठाचा एक कोपरा चावून काढलाच.

संध्याकाळी औषधाची वेळ झाली. मनन खिडकीशी शांत उभा होता.

"आता तर ठीक दिसतोय," मेधा म्हणाली. "रडत पण नाहीये. फालतू औषध कशाला पोटात घालायचं?"

"त्या दिवशी पण रडत नव्हता."

मेधाने औषधाची बाटली हातात घेऊन पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाली, "मला माहितेय. पण सारखं औषध, सारखं औषध. या पोराच्या पोटात मी दहा वर्षं काय काय घातलंय."

"डॉक्टरीणबाईंनी वेळ लिहून दिली आहे ना, सूनबाई?" बापू मध्ये बोलले.

"दिलीय."

"मग झालं. आपण आपल्या मनाला कशाला विचारायचं?"

योगेंद्रने पिचकारी भरली आणि हॉस्पिटलमध्ये दिलं तसं गालात हळूहळू सोडलं. मननने तोंड वाकडं केलं, पण गिळलं. थोड्या वेळाने खिडकी सोडून तो दिवाणावर येऊन आडवा झाला. योगेंद्रला वाटलं, म्हणजे मघाशी दुखत होतं. उभं राहणं हे दुखणंच होतं. दहा वर्षं हा पोरगा कुठे कुठे असा उभा राहिला असेल, याचा हिशोब त्याने केला नाही. तेवढी ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओठ भज्यासारखा सुजला आणि त्यावर पांढरा चट्टा आला. मेधा घाबरली. फोटो पाठवल्यावर डॉ. नीरजांचा फोन आला की पू नाही, चावल्याची जखम आहे, अशीच दिसते, भरून येईल. थंड दही द्या, तिखट नको. मनन दहीभात खायला लागला. तिसऱ्या दिवशी औषध कमी केलं तेव्हा त्यांनी दोघांनी मिळून त्याच्यावर नजर ठेवली. चापट्या नाहीत. मनगट चावणं नाही. दुपारी न्हाणीघरातून तो एकसुरी आवाज आला आणि स्वयंपाकघरात मेधाने गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

बापू धारला परत गेले. योगेंद्रची रजा संपली.

नंतर ते दर महिन्याला डॉ. नीरजांकडे जात राहिले. दातांचं काही करायचं नव्हतं, नुसती सवय. पहिल्यांदा मननने खुर्चीला हात लावला. पुढच्या खेपेस तिच्यावर चढून बसला आणि लगेच उतरला. एकदा बसलाच नाही, सगळी फेरी वाया गेली. मेधा त्या दिवशी घरी येऊन पर्स फेकून झोपून गेली. हे असं किती वर्षं चालेल, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

पावसाळ्यातल्या एका फेरीला योगेंद्र रात्रपाळी संपवून परस्पर दवाखान्यात आला. मेधा आणि मनन आधीच पोचले होते. बाहेरच्या बाकावर बसून तो बोलावण्याची वाट बघत राहिला. बाह्या वर केलेल्याच होत्या. डोळा लागायच्या आधीचं एवढंच आठवत होतं की आतून नळाचा आवाज येतोय.

मेधाने खांदा हलवला तेव्हा त्याची मान वाकडी होऊन अवघडली होती.

"चला."

"झालं?"

"कधीच झालं. तोंड उघडलं त्याने. आरसा आत घालू दिला. थोडासाच, पण दिला."

"मला उठवलं का नाही?"

"कशाला?" मेधा म्हणाली.

मनन दाराशी चपला उलट्या घालत होता. योगेंद्र बाकावरून उठला नाही. आणखी थोडा वेळ तसाच बसून राहिला. मेधानेही घाई केली नाही. ती त्याच्या शेजारी बसली आणि पर्समधून पाण्याची बाटली काढून आधी स्वतः प्यायली, मग त्याला दिली.